झूमदादूस

खारदांड्याच्या कोळीवाड्यात माणसाला त्याच्या कागदोपत्री नावाने हाक मारणारा एकच माणूस, पोस्टमन. बाकी सगळे धंद्यावरून, होडीवरून नाहीतर खोडीवरून ओळखले जातात. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांना नोकरीभर ‘कंडक्टर’ म्हटलं गेलं, कारण ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले, खाकी कपडे ट्रंकेत गेले, तरी नाव चिकटून होतं. मग त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला, त्याला वीतभर लांबीची झूम लेन्स लावली आणि इतक्या वर्षांचं नाव एका पावसाळ्याच्या आत पुसलं गेलं. आता ते झूमदादूस आहेत. शाळेतली पोरंही त्यांना दादूसच, म्हणजे थोरला भाऊच, म्हणतात, आणि साठी उलटलेल्या माणसाला ते मनातून आवडतंही.

असा एक तरी दादूस हल्ली मुंबईच्या प्रत्येक उपनगरात असतो. बोरिवलीत तो पहाटे नॅशनल पार्कच्या फाटकाशी उभा असतो, मुलुंडला डोंगराकडेच्या झाडांत हळद्या शोधतो, घाटकोपरला सोसायटीच्या गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र टिपतो. लक्षणं सगळीकडे सारखी. ग्रॅच्युइटी नुकतीच हातात आलेली, पोरं मार्गी लागलेली, गुडघे अजून शाबूत, आणि अंगात बिनबाह्यांचं जाकीट, ज्याच्या निम्म्या खिशांत काय आहे हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. या सगळ्यांना विषयाच्या शोधात हिंडावं लागतं. आमच्या दादूसचा विषय मात्र दारातच आहे, आणि तो विषय त्यांना “जेवलास का?” असं विचारतो. त्यांची सगळी गंमत आणि सगळी गोची इथेच आहे.

तसा कोळीवाड्याला कॅमेरा नवा नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळींत होते. तेव्हापासून या शहरात कोणी ना कोणी कोणाचा तरी फोटो काढतच आलंय. दांड्यात तर रविवारी सकाळी पाठीवर काळ्या पिशव्या अडकवलेली मंडळी घोळक्याने उतरतात. होडीचा नांगर, वाळत घातलेली जाळी, झोपलेलं मांजर, काहीही सोडत नाहीत. आमच्या बायकाही आता तयार झाल्यात. सुरमई कशी धरली, मान किती वळवली की समोरच्याचं समाधान होऊन तो लवकर पुढे सरकतो, हे त्यांना नेमकं कळतं. दादूसला यातली एकच गोष्ट खुपायची. “फोटो काढून नेतात, दाखवायला एकबी येत नाय. आपल्या गावाचा फोटो आपल्याकडं नको?” हा प्रश्न त्यांनी आळीला बरेच दिवस विचारला. आळीने उत्तर दिलं नाही, तेव्हा ते फोर्टात जाऊन बोरा बाजारातून स्वतःच उत्तर घेऊन आले.

गेले होते एक साधासा कॅमेरा आणायला. आणला तो कॅमेरा, १८–५५ ची लेन्स, ७०–३०० ची झूम, तिपाई, हूड, फिल्टर, ६४ जीबीचं कार्ड, हवा मारायचा रबरी फुगा आणि दुकानदाराने फुकट दिलं म्हणून सगळ्यांत जास्त जपलेलं एक पिवळं फडकं. टेबलावर हा पसारा मांडल्यावर दादूसची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माज्या लग्नात पन इतकं सामान नव्हतं आयलं.”

पहिला आठवडा दादूसने फोटो काढलाच नाही. माहितीपुस्तक वाचलं. बेस्टची नियमावली ज्यांनी पाठ केली होती, त्यांना कॅमेऱ्याच्या नियमावलीचं काय ओझं? कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती होती, तिच्यावर एक हिरवं चिन्ह आणि पी, ए, एस, एम अशी अक्षरं. पुतण्याने सुचवलं, “दादूस, सुरुवातीला हिरव्यावर ठेव. ऑटो.” एवढा एक शब्द ऐकला आणि दादूसचा चेहरा उतरला. “आयुष्य बेस्टमध्ये काढलं. आता म्हातारपनी ऑटोवर बसू?” चकती फिरली ती थेट एमवर. मॅन्युअल. सगळं हाताने.

त्यानंतरचे काही दिवस दांडा पूर्ण अंधारात होता किंवा पूर्ण उजेडात. फोटोत एक तर काळोख यायचा, नाहीतर पांढरा कागद. पण दादूस खचले नाहीत. त्यांनी टपरीवर चहा पिता पिता सगळ्या प्रकरणाचा उलगडा केला, आणि तो इतका चोख होता की नंतर पुतण्याने कॉलेजच्या मित्रांना तोच शिकवला.

“बग, ॲपर्चर म्हंजे बसचा दरवाजा. मोठा असला की उजेड भसाभस आत शिरतो, लहान असला की एकेक करून. शटर म्हंजे बस स्टॉपवर किती वेळ उभी. दरवाजा मोठा असेल तर थोरा वेळ थांबली तरी गाडी भरते. दरवाजा लहान असेल तर जास्त थांबवायची, पन तेवढ्यात कोन हालला तर फोटो गेला.”

“आणि ते आयएसओ?”

“आयएसओ म्हंजे कंडक्टर. संध्याकाळची वेल, उजेड कमी, दरवाजा मोठा करून झाला, गाडी थांबवून झाली. मंग कंडक्टर वरडतो, आत सरका, आत सरका! जागा होते, फोटो येतो. पन गाडीत कालवा किती होतो? तो फोटोत दाण्यादाण्यानं दिसतो. इंग्रजीत त्याला नॉइज बोलतात. उगाच नाय बोलत.”

“पण एफ चार मोठा आणि एफ सोळा लहान, हे उलटं कसं?”

“भागाकार हाय रे तो. लेन्सच्या लांबीला चारानं भाग, सोलानं भाग. कंचा मोठा उरेल?”

टपरीवाल्याने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. आमच्यासारख्या अडाण्यांनाही कळलं, की या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडलाय. फोटोत पडायचा बाकी होता.

मासळी वाळवायचा हंगाम आला. बंदरावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहिल्या, त्यांच्यावर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगल्या गेल्या. ऊन लागलं की ते बोंबील असे पांढरेशुभ्र दिसतात की बघणाऱ्याला जेवणाची आठवण व्हावी. दादूसने नेम धरला, मीटरचा काटा बरोब्बर मध्यावर आणला आणि खटके ओढले. घरी येऊन बघतात तर बोंबील राखाडी. त्याच वलांडीवर टपून बसलेला कावळा टिपला, त्यात मीटर पुन्हा मध्यावर. कावळाही राखाडी. वहिनींनी दोन्ही फोटो पाहिले आणि विचारलं, “ह्यो कॅमेरा सरकारी हाय का? काला-गोरा सगला एकाच भावात काढलाय.”

वहिनींना फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, पण दुखणं त्यांनी अचूक धरलं होतं. कॅमेऱ्याच्या मीटरची समजूतच अशी असते, की समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे, पडलेल्या उजेडातला १८ टक्के उजेड परत पाठवणारं. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो कमी करतो. चौकटभर काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, तो वाढवतो. त्यामुळे बोंबील मळतो आणि कावळा उजळतो. यावर इलाज एवढाच, की बोंबलाला एक घर जास्त उजेड द्यायचा आणि कावळ्याला एक घर कमी. हे कळल्यावर दादूसने त्याची वहीत नोंद केली. कंडक्टरला वेबिल भरल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोमागे तारीख, वेळ, एफ, शटर, आयएसओ आणि शेवटच्या रकान्यात शेरा, अशी त्यांची वही चालू झाली. ही सगळी माहिती कॅमेरा स्वतःच फोटोबरोबर साठवून ठेवतो, हे पुतण्याने त्यांना दाखवलं. दादूस म्हणाले, “मशीनवर भरवसा ठेवायचा. पन वेबिल आपलं आपन लिवायचं.”

इथवर सगळं लहान लेन्सवर चाललं होतं. झूमची लेन्स बाहेर निघाली तेव्हा खरं नाट्य सुरू झालं.

रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून दादूसने इतिहासही गोळा केला होता. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. दादूसचं त्यावरचं मत, “तेवढ्यात आमी खार स्टेशनचा अख्खा स्टॉप भरून घ्यायचो.” पुढे तीच कोडॅक २०१२ साली दिवाळखोरीत गेली, हेही ते हळहळून सांगत. “ज्यानं शोधला, त्यालाच पेलला नाय.” वहिनी चूल सारवावी तशा शांतपणे म्हणाल्या, “मंग तुमाला कवा पेलनार?” साध्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स १९५९ साली जर्मनीच्या फोक्टलेंडर कंपनीने बाजारात आणली, तोवर जगाला जवळचं-लांबचं पायांनीच करावं लागायचं. “आता पाय वाचले,” असं म्हणत दादूसने ७०–३०० चढवली, आणि त्यांच्या पायांना त्या दिवसापासून विश्रांती मिळालेली नाही.

कारण ही लेन्स दीड मीटरच्या आतलं काही पाहतच नाही. तिथे ती घरघरते, पुढेमागे होते आणि हात टेकते. शिवाय त्यांच्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर तिची ३०० ची नजर ४५० ची होते. आता दांड्यातल्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील; तिथे दोन माणसं समोरासमोर आली की एकाला कोणाच्या तरी ओटीवर चढावं लागतं. अशा गल्लीत दादूस वहिनींचा फोटो घ्यायला उभे राहिले, की चौकटीत फक्त नथ यायची. नथ आणि थोडा गाल यावा म्हणून मागे. चेहरा यावा म्हणून आणखी मागे. वहिनींच्या डोक्यावरची पाटी यावी म्हणून आणखी. अख्खी हयात ज्याने लोकांना “पुढे चला, पुढे चला” म्हणत पुढे रेटलं, तो माणूस डोळा कॅमेऱ्याला लावून एकटाच मागे मागे सरकत होता. तो थांबला तो कोणाच्या तरी वाळत घातलेल्या जवळ्यात.

जवळा ज्यांचा होता त्यांनी भरपाई मागितली नाही. “वाटा मोजून घे” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी दादूसच्या घरी जवळ्याची चटणी, जवळ्याचं कालवण आणि भाकरीबरोबर जवळ्याची नुसती भाजी, असा तिहेरी बेत होता.

हात हलण्याचं दुखणं वेगळंच. जाणकार सांगतात की लेन्सची नजर जेवढी लांब, शटर निदान तेवढं जलद हवं. ४५० च्या नजरेला सेकंदाचा पाचशेवा भाग. दादूसने शटर तिथे नेलं, तर उजेड पुरेना. दरवाजा मोठा करावा तर ३०० वर या लेन्सचा दरवाजा तसा किलकिलाच. मग आला पुन्हा कंडक्टर, “आत सरका!” आणि फोटोभर कालवा. तिपाई लावावी तर गल्लीत तिपाई उभी राहिली की कोणाला जाता येत नाही. सकाळच्या बाजाराच्या वेळी डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची त्या तिपाईमागे जी रांग लागली, ती पाहून दादूसला नोकरीची आठवण झाली आणि बायकांच्या तोंडी जे शब्द आले ते ऐकून बेस्टमधल्या शेवटच्या संपाची.

पण तंत्र एक वेळ जमतं. दादूसची खरी अडचण माणसांची होती. अनोळखी फोटोवाला समोर आला की कोळीण एक तर खेकसते नाहीतर हसते, आणि दोन्हीचा फोटो छान येतो. ओळखीचा समोर आला की ती बोलायला लागते. बोलणाऱ्या माणसाचा फोटो कसा येतो हे आपल्या आधारकार्डावर प्रत्येकाने पाहिलंय. दादूस बंदरावर उतरले की जाळं सांधणारे नाखवा मान वर करून म्हणायचे, “ये, बस. पेन्शनचं काय झायलं?” कुठे मासे निवडणाऱ्या बायकांचं वर्तुळ चांगलं जमलेलं, त्यावर तिरपं ऊन, दादूसने कॅमेरा उचलला की एक जण हमखास हाक मारणार, “दादूस, जरा ही पाटी धर.” पाटी धरावी लागायची. बाहेरच्या फोटोवाल्यांना कोळीवाड्यात शिरकाव मिळवायला महिने लागतात. दादूसला शिरकाव इतका होता की बाहेर पडता येईना. सकाळ संपायची तेव्हा कार्डावर फोटो एकही नसायचा, पण हातात पिशवीभर मांदेली आणि डोक्यात वहिनींना द्यायचे चार निरोप असायचे.

मग एके दिवशी ओहोटीला ते खडकांवरून चालत पार पुढे गेले. गुडघाभर पाणी, तिवरांचा वास, मागे वळून पाहिलं तर सगळा दांडा एका ओळीत. हाक ऐकू येणार नाही इतकं अंतर. त्यांनी ३०० वर लेन्स ताणली आणि डोळ्याला लावली. नाखवा जाळं सांधतायत, पेन्शन विचारत नाहीयेत. बायका मासे निवडतायत, पाटी धरायला सांगत नाहीयेत. कोणी मान वर करत नाही, कोणी पदर सारखा करत नाही. जग झूम घेतं लांबचं जवळ आणायला. आमच्या दादूसला झूम उपयोगी पडली ती जवळच्यांपासून लांब जायला. त्या दिवशीच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, “माणसं लांबून खरी दिसतात.”

हे वाक्य त्यांना फार महागात पडलं.

त्या संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडून अख्ख्या आळीला फोटो दाखवण्यात आले. पहिले काही फोटो बघून लोक खूश झाले. मग एक फोटो आला, नाखवा होडीच्या आडोशाला उभे, तोंडात बिडी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी बिडी सोडल्याला तेव्हा बराच काळ लोटला होता, निदान त्यांच्या घरच्यांच्या हिशेबाने. घरच्या पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यानंतरच्या फोटोने तर कळस केला. भिंतीच्या वादावरून ज्या दोन घरांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे, त्या घरांतल्या दोन सुना वलांडीमागे एकाच डब्यातून खात खदखदून हसत होत्या. फोटो अप्रतिम होता. फोकस थेट डोळ्यांवर, मागचं सगळं पुसट, उजेड बरोब्बर. खोलीत मात्र सुई पडली असती तर ऐकू आली असती. त्या घरांमधलं भांडण सगळ्या दांड्याला ठाऊक होतं. मैत्री तेवढी त्या दोघींची खाजगी होती.

दुसऱ्या दिवशीपासून नवा नियम लागू झाला. माणूस ओळखू येईल असा प्रत्येक फोटो आधी वहिनी बघणार. वहिनींचं सेन्सॉर बोर्ड पलंगावर बसतं, चष्मा लावतं आणि अंगठ्याने फोटो सरकवत निकाल देतं. “ह्यो ठेव. ह्यो काढ. ह्यो त्या बायला दे, तिच्या पोरीचं जमवायचं हाय. ह्यो काढ, आनि तू पाह्यला पन नायस असं समज.” कलेच्या दृष्टीने जे फोटो सर्वोत्तम होते, ते या बोर्डापुढे हटकून पडले. दादूस म्हणतात की आपली खरी थोरवी डिलीट झालेल्या फोटोंत आहे, आणि ती तपासायची आता काही सोय नाही.

कलाकाराला बाहेरही मान नव्हता. एका रविवारी तो काळ्या पिशव्यांचा घोळका बंदरावर आला. दादूस आपला कॅमेरा गळ्यात घालून त्यांच्यात जाऊन उभे राहिले, बरोबरीच्या नात्याने काही एफ-बीफ बोलावं म्हणून. एका तरुणाने अदबीने सांगितलं, “अंकल, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये कॅमेरा येतोय.” त्याला कोळीवाडा हवा होता, आणि कॅमेरा घेतलेला कोळी त्याच्या कोळीवाड्यात बसत नव्हता. कार्टर रोडला गेले तर उलटी तऱ्हा. राजेश खन्नाचा ‘आशीर्वाद’ बंगला जिथे होता त्या बाजूला हे तिवरांतला खंड्या टिपायला लेन्स रोखून उभे राहिले, तर एका इमारतीच्या रखवालदाराने येऊन विचारलं, “किस हिरो का फोटो ले रहे हो?” दादूसने पडद्यावर निळा खंड्या दाखवला. रखवालदाराने तो नीट पाहिला आणि म्हणाला, “ये तो यहाँ नहीं रहता.”

पावसाळा हा मुंबईच्या लेन्सचा शत्रू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या काठावर ओढून ताडपत्रीखाली, आणि हवेत इतकी ओल की लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशीची जाळी धरते. दादूसने सिलिका जेलच्या पुड्या आणल्या आणि घट्ट झाकणाचा एक मोठा डबा रिकामा करून लेन्स त्यात ठेवली. डबा रिकामा केला तो सुक्या बोंबलांचा होता. बुरशी लागली नाही, हे खरं. पण ऑगस्टमध्ये ते लेन्स साफ करायला फोर्टात घेऊन गेले, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने झाकण काढलं, क्षणभर थांबला आणि आतल्या कारागिराला हाक मारून म्हणाला, “बाबा, आज डब्यात काय आणलंयस?”

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि दादूसच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळालं. संध्याकाळी ते सूर्यास्तासाठी बंदरावर तिपाई लावून बसले होते. मनात एकच चित्र, लाल गोळा आणि त्याच्यापुढून जाणारी काळी होडी. शेजारी बायका पाट्या घेऊन होड्यांची वाट बघत बसल्या होत्या. लांब क्षितिजावर एक ठिपका दिसला. कोणीतरी विचारलं, “कोनची होरी हाय ती?” कोणाला सांगता येईना. दादूसने सवयीने लेन्स ताणली, पडद्यावर फोटो मोठा केला आणि होडीच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक वाचून दाखवला. बायकांत एकदम शांतता पसरली. मग एकीने हळूच विचारलं, “आनि पान्यात किती बसलीय ते दिसतं का?”

दिसत होतं. भरलेली होडी पाण्यात खोल बसते, रिकामी वर तरंगते. वर उभ्या माणसांच्या खांद्यांवरूनही कळतं; मासळी असली की माणसं कामात वाकलेली असतात, नसली की काठाकडे बघत उभी असतात. होडी काठाला लागायच्या आत आज मासळी किती येणार हे ज्या बाईला कळलं, तिला आज भाव काय धरायचा हेही कळलं. दोन दिवसांत बाहेरून मासे घ्यायला येणारे व्यापारी चक्रावले. पूर्वी होडी लागल्यावर दोन्ही बाजूंना एकदमच कळायचं. आता बायका आधीच सगळं ठरवून बसलेल्या आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. दादूसच्या तिपाईभोवती आता जी गर्दी जमते, तिच्यात कलेचा रसिक एकही नसतो.

त्याच लेन्सने एकदा मोठा वाद उभा केला. वांद्रे–वर्सोवा सागरी सेतूचं काम आमच्या समोरच्या समुद्रात चाललंय, कार्टर रोडला आणि जुहूला त्याचे फाटे उतरायचे आहेत, आणि आपल्या मासेमारीच्या जागांचं काय होणार या चिंतेने दांड्यातली म्हातारी माणसं आधीच धास्तावलेली. दादूसने काढलेल्या एका फोटोत क्रेन थेट होडीच्या डोलकाठीवर उभी दिसत होती. सगळी बैठक खवळली. एक जण म्हणाला फोटो खोटा आहे, क्रेन एवढी जवळ नाही. दुसरा म्हणाला कॅमेरा खोटं बोलत नाही. दादूसने शेवटी उठून समजावलं. फोटो खोटा नाही, फक्त फार लांबून काढलाय. होडीपासून आणि क्रेनपासून आपण इतके लांब असलो, की त्या दोहोंमधलं अंतर त्या मानाने किरकोळ ठरतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. लेन्स फक्त तेवढाच तुकडा कापून मोठा दाखवते. जवळ जाऊन काढला तर मधलं पाणी दिसेल. बैठकीने हे ऐकून घेतलं. मग सगळ्यांत वयस्कर नाखवा म्हणाले, “बरोबर हाय. ज्यांनी नकाशा काढला, त्यांनी पन लांबूनच पाह्यलं असंल. त्यांना पन मधलं पानी नसंल दिसलं.” दादूस खाली बसले. त्यांच्या वहीतल्या “माणसं लांबून खरी दिसतात” या शेऱ्यापुढे त्या रात्री एक प्रश्नचिन्ह पडलं.

हल्ली दादूसला १५०–६०० च्या लेन्सची ओढ लागलीय. तशी ओढ प्रत्येक दादूसला लागते. ३०० ची लेन्स घेतलेला माणूस ३०० वर कधीच थांबत नाही. वजन दोन किलोच्या घरात, किंमत विचारू नये अशी. वहिनींपुढे हा विषय काढायचा म्हणजे तयारी हवी, म्हणून त्यांनी सूर्यास्तांच्या फोटोंची एक वहीच तयार केली. लाल सूर्य, तांबडा सूर्य, ढगाआडचा सूर्य. वहिनींनी एकेक पान उलटलं आणि वही मिटली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बंदरावर बायकांची खलबतं झाली, आणि आठवड्याभरात वहिनींनी दादूसच्या हातात एक पाकीट ठेवलं. बंदरावरच्या बायकांनी वर्गणी काढली होती. लेन्स निम्मी त्यांची, निम्मी दादूसची.

दादूसचे डोळे भरून आले. कलेची कदर शेवटी आपल्याच माणसांना, वगैरे काहीतरी ते बोलायच्या बेतात होते. वहिनींनी त्यांना मध्येच थांबवलं.

“पैसे दिलेत म्हनून सांगते. आता त्या सूर्याच्या नादाला लागू नकोस. तो रोजचाच हाय. होरीवर लक्ष ठेव.”